मुलांचे दात किडतात : या चुका टाळा

शाळेत दंततपासणीला गेले की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "दुधाचेच दात आहेत, पडणारच की!" हे ऐकून मी खरंच थकले आहे.

तिसरीतली एक मुलगी गाल सुजवून आली होती. आई म्हणाली, "दुधाची दाढ आहे, पडेल म्हणून थांबलो." दाढ दुधाची नव्हतीच. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली कायमची दाढ येते, तीही दुधाचा एकही दात न पडता, सगळ्यांच्या मागे. म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. त्या पोरीची दाढ पार पोखरली होती, काढावीच लागली. आठव्या वर्षी आयुष्यभराची दाढ गेली. तेव्हापासून मी प्रत्येक आईला मोजायला लावते: समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जा. पाचपर्यंत दुधाचे, सहावी कायमची. ती दिसली की तिच्या खोल खाचा सीलंटने, म्हणजे दातावर बसवायच्या पातळ संरक्षक थराने, बुजवून घ्या. दुखतही नाही.

आणि दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. आधीच काढल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्याला जागा उरत नाही.

दुसरी चूक, "आम्ही चॉकलेट देतच नाही." पण बिस्किटाचा पुडा दुपारभर हातात असतो! गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि दाताचं कवच विरघळू लागतं. लाळेला ते आम्ल निवळायला अर्धा तास तरी लागतो. दर वीस मिनिटांनी एक बिस्कीट गेलं तर लाळेला सवड कधी मिळणार? किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे बघा. माझ्या घरी खाऊ जेवणाबरोबरच, एकदाच. वर पाणी.

रात्री दात घासून झाल्यावर साखरेचं दूध देऊ नका. झोपेत लाळ कमी सुटते.

ज्याला बुटाची नाडी बांधता येत नाही त्याच्या हाती ब्रश देऊन मोकळं होऊ नका. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी, त्याआधी तांदळाच्या दाण्याएवढी. थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही.

मिश्री मुलांना कधीच नाही, ती तंबाखू आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'किडे' पाडणाऱ्यांकडेही नेऊ नका. दातात किडा नसतोच.

सगळ्यात जास्त राग येतो तो "सध्या गोळी द्या, परीक्षा झाली की बघू" याचा. गोळीने कीड थांबत नाही. पुढे ठणका आपोआप बंद होतो आणि घरचे निर्धास्त होतात. बऱ्याचदा तेव्हा आतली नस मेलेली असते आणि पू मुळाशी साचत असतो. दुखायचं थांबलेली किडकी दाढ दिसली की मी परीक्षेची तारीख विचारत नाही, पोराला त्याच दिवशी खुर्चीत बसवते.