जुने तेलक्षेत्र विकत घेताना मोडणीचा खर्च कोणाच्या माथी?

उत्तर समुद्रात ब्रिटनच्या हद्दीतले उतरतीचे तेलक्षेत्र घ्यायचे असेल, तर पेट्रोलियम कायदा 1998 च्या कलम 29 ची नोटीस (मोडणीचा, म्हणजे विहिरी बुजवून सांगाडे काढण्याचा आराखडा सादर करण्याचा आदेश) कोणाकोणावर बजावली आहे, ही यादी विक्रेत्याकडून आधी मागा. मंजूर झालेला मोडणीचा आराखडा पार पाडायला हे सगळे एकत्र आणि एकेकटेही बांधील असतात. तुमचा वाटा 10 टक्के असला तरी भागीदार बुडाले की सगळे बिल तुमच्या दारात. विकून बाहेर पडलेल्यालाही कलम 34 खाली सरकार परत बोलावू शकते. म्हणून विक्रेता तारण मागतो आणि ते रास्तच आहे.

खर्चाचा अंदाज विहिरींपासून सुरू करा, कारण जवळपास निम्मा पैसा त्या बुजवण्यात जातो. सरासरी दराने गुणाकार करू नका. एकेका विहिरीची फाइल उघडून सिमेंट बॉण्ड लॉग, म्हणजे सिमेंट किती घट्ट बसले आहे याची नोंद, पाहा. केसिंगमागचे (विहिरीतल्या पोलादी नळीमागचे) सिमेंट धड असेल तर आत प्लग टाकून भागते. नसेल तर केसिंग कापावे लागते, रिगचे दिवस वाढतात आणि अंदाज कोलमडतो. पुढे सांगाडा: 10,000 टनांहून जड आणि 9 फेब्रुवारी 1999 पूर्वी उभारलेल्या पोलादी जॅकेटचा (समुद्रतळावर उभ्या आधार-सांगाड्याचा) फक्त पाया जागेवर ठेवण्याची सवलत मागता येते. त्याहून हलके असेल तर पूर्ण उचलायचे.

मग खर्चाची वाटणी. 2017 मध्ये शेलने क्रायसॉर या तेल कंपनीला क्षेत्रे विकली, तेव्हा मोडणीच्या 3.9 अब्ज डॉलरच्या अंदाजातले 1 अब्ज स्वतःकडे ठेवले. ठरीव रकमेत वाढीव खर्च सगळा खरेदीदाराचा होतो. जमेल तर विक्रेत्याने खर्चाचा ठरावीक टक्का उचलावा असे मागा.

तारणाच्या करारात दरवर्षी फेरआढावा आणि वाद झाल्यास स्वतंत्र तज्ज्ञाचा निर्णय लिहून घ्या. तारण म्हणून दिलेले लेटर ऑफ क्रेडिट (बँकेची पैसे देण्याची हमी) मुदतीआधी नवे झाले नाही, तर पूर्ण रक्कम काढून ट्रस्टमध्ये जाईल हे कलम हवेच. तारण नसले की काय होते ते ऑस्ट्रेलियात दिसले: नॉर्दर्न एंडेव्हर हे तेल काढणारे जहाज घेतलेली छोटी कंपनी 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली, काम सरकारवर आले आणि वसुलीसाठी समुद्रातल्या साऱ्या उत्पादकांवर बॅरलमागे 48 सेंट कर बसला.

शेवटी कर. 1 नोव्हेंबर 2018 पासूनच्या व्यवहारांत विक्रेता आपला भरलेल्या कराचा इतिहास खरेदीदाराला देऊ शकतो आणि मोडणीच्या तोट्यापोटी त्यातून परतावा मिळतो. हा आकडा पहिल्याच बैठकीत विचारा. किंमत ठरल्यावर तो मिळवणे अवघड जाते.