गुडघा बदलण्याआधी मधुमेहींनी या चुका टाळा

ऑपरेशनची तारीख ठरली की आठ दिवस जेवण निम्मं करायचं, गोळी मनानेच वाढवायची आणि उपाशीपोटीची साखर ११० आली की 'शुगर कंट्रोलमध्ये आली' म्हणून मोकळं व्हायचं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ती साखर फक्त त्या सकाळची असते. मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब एचबीएवनसी या रक्ततपासणीत असतो आणि तो ९ वरून आठवड्यात ७ वर येत नाही. बरेच सर्जन तो ७.५ ते ८ च्या आत मागतात, ते उगीच नाही. साखर चढी असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, जखमही रेंगाळते. कृत्रिम सांध्यावर जंतू एकदा बसले की स्वतःभोवती चिकट थर करतात, मग अँटिबायोटिक आत पोचत नाही. सांधा उघडून धुवायचा, कधी काढूनच टाकायचा, आठवडेच्या आठवडे औषधं आणि पुन्हा ऑपरेशन. त्यापेक्षा तीन महिने दुखणं सोसलेलं परवडलं. शिवाय उपासमारीने प्रथिनं कमी पडतात, आणि जखम भरायला तीच लागतात.

म्हणून आधी एचबीएवनसी, मग तारीख. सोबत हिमोग्लोबिन बघाच: लोह कमी असेल तर आकडा खोटा वाढतो, नुकतंच रक्त चढवलं असेल तर फसवा कमी येतो. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांची साखर सांगणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी करून घ्यावी.

दुसरी चूक 'फ्लोझिन' गोळ्यांची, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्यांची. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या सकाळपर्यंत चालू राहते. ऑपरेशन उत्तम होतं. दुसऱ्या दिवशी मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप. ग्लुकोमीटरवर १६०, म्हणून सगळे भुलीला दोष देतात आणि वेळ जातो. रक्तातले कीटोन तपासले की कळतं, हा कीटोअ‍ॅसिडोसिस आहे, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी झालंय, तेही साखर फारशी न वाढता. या दोन्ही गोळ्या तीन दिवस आधी बंद करायच्या असतात, अर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस आधी. घोळ होतो तो जोडगोळ्यांत. रुग्ण 'मेटफॉर्मिन घेतो' सांगतो आणि त्याच गोळीत फ्लोझिन असतं. गोळीचा रंग सांगू नका, स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातली सगळी नावं वाचा. खरं तर स्ट्रिपच भूलतज्ज्ञांसमोर ठेवा.

साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड गोळी घेऊन उपाशी राहणं म्हणजे साखर खाली जाण्याला आमंत्रण. ऑपरेशनच्या सकाळी ती नको, मेटफॉर्मिनही नको.

रात्रीचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करू नका. साधारण पाऊण ते ८० टक्के डोस देतात, म्हणजे २० युनिटचे १५-१६. नेमका आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील. टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा) असेल तर इन्सुलिन थांबवणं थेट जिवावर बेततं.

साखरेसाठी किंवा वजनासाठी आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, त्याने जठर उशिरा रिकामं होतं.

दुखतंय म्हणून सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, तर ऑपरेशन तीन महिने तरी पुढे ढकलावं लागतं. एक तर साखर काही दिवस चढते, आणि जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो.

पायांची बोटं फाकवून, तळव्याखाली आरसा धरून रोज बघा. भेग, फोड, चिघळलेलं नख, दुखरी दाढ, लघवीची जळजळ, यातलं काहीही लपवू नका; तिथले जंतू नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात.

ऑपरेशनच्या सकाळी साखर घरीच मोजा. ७० च्या खाली किंवा २५० च्या वर असेल तर निघण्याआधी रुग्णालयाला फोन करा. खाली गेली असेल तर फोनसाठी थांबू नका, आधी ग्लुकोजचं पाणी घ्या आणि किती वाजता, किती घेतलं ते भूलतज्ज्ञांना सांगा.