पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेताय? गिऱ्हाइकाची माहितीही सांभाळा

अमळनेरला मी पोर्ट्रेटची कामं घेते, सोबत मुलांचे चित्रकलेचे वर्ग. धुळे, चोपडा, शिरपूरहून येणाऱ्या ऑर्डरी बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच. एका ऑर्डरीत काय काय येतं बघा: आईवडिलांच्या लग्नाचा फोटो, पिनकोडसकट पत्ता, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. वर ‘पप्पांच्या साठीला द्यायचंय, घरी कळू देऊ नका’ अशी विनंती. लोक एवढ्या विश्वासानं देतात ते जपणं हा कामाचाच भाग आहे.

आता कायदाही तेच सांगतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि आपल्यासारख्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होतील. एकट्यानं धंदा करणाऱ्याला आपोआप सूट नाही. कागदी वही त्यात येत नाही. पण तिच्या पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला की येते. माहिती कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, तेवढ्याचसाठी वापरायची, काम संपलं की काढून टाकायची. बिलासारखं जे कायद्यानं ठेवावं लागतं, तेवढंच ठेवायचं.

ऑर्डर घेताना मी हा मेसेज पाठवते: ‘फोटो फक्त चित्रासाठी आणि पत्ता फक्त कुरिअरसाठी वापरेन. चित्र इन्स्टाग्रामवर टाकलं तर चालेल का? नाही म्हणालात तरी काम तसंच होईल.’ ही परवानगी वेगळीच मागा. चित्राचे पैसे दिले म्हणजे चेहरा जगाला दाखवायची मुभा दिली, असं होत नाही.

खरा धोका मला प्रिंटच्या दुकानात दिसतो. तिथल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतो, रेफरन्स फोटो डाउनलोड करतो, प्रिंट घेऊन निघतो. मागे लॉगिन चालू आणि फोटो डाउनलोड्समध्ये तसेच. उठण्याआधी फोटो डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामी करा, लॉग आउट करा. मग घरी येऊन फोनमधली ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी बघा. दिवाळीच्या ऑफरसाठी सगळ्या गिऱ्हाइकांचा ग्रुपही करू नका, एकाचा नंबर दुसऱ्याला दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. ती ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते, तरी तीच बरी.

मुलांच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या फॉर्मसाठी जन्मतारीख, शाळा, पालकांचा नंबर सगळंच घ्यावं लागतं. कायद्यात १८ वर्षांखालचं ते मूल, आणि संमती पालकांची, तीही पडताळता येईल अशी. वर्गातल्या मुलाचा फोटो पालकांना विचारल्याशिवाय स्टेटसलासुद्धा ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

फोन हरवला किंवा अकाउंट हॅक झालं तर गप्प बसू नका. ज्यांची माहिती त्यात होती त्या प्रत्येकाला लगेच कळवा. नव्या तरतुदी लागू झाल्यावर डेटा संरक्षण मंडळालाही कळवावं लागेल, सविस्तर माहिती ७२ तासांत. त्यासाठी कोणाचं काय आपल्याकडे आहे याची छोटी यादी आजच करा, आणि ती त्याच फोनमध्ये ठेवू नका.