डॉक्टर आहात आणि शेक्सपिअरमधलं राजकारण वाचायचंय? कोरिओलेनसपासून सुरू करा

मेडिसिनची रेसिडेन्सी चालू असताना नाइट ड्युटीला झोप लागू नये म्हणून मी शेक्सपिअर हातात घेतला, सुरुवात हॅम्लेटनी केली आणि तिसऱ्या पानावर घोरायला लागलो. एक सिनियर म्हणाले, कोरिओलेनस नाटक घे, त्यात पोट आहे.

आणि खरंच आहे! पहिल्याच प्रवेशात रोमचे लोक धान्यासाठी काठ्या घेऊन रस्त्यावर उतरलेत आणि मेनेनियस नावाचा बडा माणूस त्यांना गोष्ट सांगत बसतो, की एकदा सगळ्या अवयवांनी पोटाविरुद्ध बंड केलं, हे आयतं बसून खातं म्हणून, तर पोट म्हणालं, माझ्याकडे आधी येतं खरं पण रक्तातून तुम्हालाच जातं ना सगळं. पोट म्हणजे सिनेट, रोमच्या बड्या लोकांची राज्यसभा. मी खूश, फिजिऑलॉजी बरोबर आहे की! तिथेच फसलो. गोदामं भरलीयत आणि आम्ही उपाशी, हे समोरचा माणूस गोष्टीच्या आधीच बोलून गेलाय आणि त्याला उत्तर काय, तर अ‍ॅनाटॉमी. पुढे कळलं की १६०७ ला इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये जमिनींना कुंपणं घातली म्हणून दंगे झाले होते आणि नाटक साधारण १६०८ चं मानतात, मग तो प्रवेश नुसता रोमचा वाटेना.

तेव्हापासून पेशंटची हिस्टरी घेतो तसंच वाचतो, कोण बोलतंय, कुणाशी, आणि आत्ताच का. भरपूर टीपा असलेली आवृत्ती घ्या, आर्डनची छान आहे, अर्धं पान टीपाच असतात पण एमडीची पुस्तकं उपसलेल्यांना त्याचं काय.

मग मॅकबेथ. चौथ्या अंकात इंग्लंडचा राजा म्हणे नुसत्या हातानी गंडमाळा बऱ्या करतो (बहुतेक मानेच्या गाठींचा टीबी), गळ्यात सोन्याचं नाणं घालतो. हे खऱ्या राजाचं सर्टिफिकेट, राणी अ‍ॅन १७१४ ला गेली तोवर तिकडे चालू होतं. राजाचा खून करून गादीवर बसलेल्या मॅकबेथकडे ते नाही, तो उलट डॉक्टरला म्हणतो माझ्या देशाची लघवी तपासून रोग सांग!

त्या बिचाऱ्या डॉक्टरकडे नीट बघा. मॅकबेथची राणी झोपेत हात चोळत खुनाचं बोलून जाते, हा लिहून घेतो, सगळं कळतं, पण बोलायची हिंमत नाही. नंतर स्वतःशीच पुटपुटतो, एकदा इथून सुटलो की कितीही पैसे दिले तरी परत यायचा नाही.