रास्पबेरी पायवर एसडीआरचा आवाज तुटतोय? अडथळा असा शोधा

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला आरटीएल-एसडीआर डोंगल (एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) लावलं, जीएनयू रेडिओ या प्रोग्राममध्ये एफएमचा फ्लोग्राफ (एकेक काम करणाऱ्या ब्लॉकची साखळी) सुरू केला आणि पुणे आकाशवाणी १०१ मेगाहर्ट्झवर तुटक ऐकू येतेय. लगेच कोणीतरी सांगतं, ओव्हरक्लॉक कर (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा वेगाने पळव), नाहीतर मोठा बोर्ड घे. दोन्ही ऐकू नका. आधी मोजा.

वीज आणि तापमान: 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' चालवा. उत्तर शून्य हवं. नसेल तर व्होल्टेज पडतंय किंवा चिप ८० अंशांवर जाऊन वेग कमी करतेय. चांगला अ‍ॅडॉप्टर, हीटसिंक, मग पुढे.

डोंगल: 'आरटीएल_टेस्ट' सेकंदाला २४ लाख सॅम्पलवर (सिग्नलच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांवर) पाच मिनिटं चालवा. सॅम्पल हरवत असतील तर दोष यूएसबीच्या बाजूला आहे. पाय ३ वर इथरनेट आणि यूएसबी एकाच यूएसबी २.० मार्गावरून जातात, हेही लक्षात ठेवा.

आता खरी मेख. मी इथे दोन आठवडे घालवले. प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या 'टॉप'च्या वरच्या ओळीत प्रोसेसर ३० टक्क्यांच्या आसपास दिसत होता, म्हणून तो मोकळाच आहे असं धरून मी केबल आणि हब बदलत बसलो. पाय ३ आणि त्यानंतरच्या मोठ्या बोर्डांना चार कोअर असतात. एक कोअर पूर्ण भरला तरी एकूण आकडा २५ टक्केच दिसतो. जीएनयू रेडिओ प्रत्येक ब्लॉकला वेगळा थ्रेड (स्वतंत्र चालणारं काम) देतो, आणि एका थ्रेडचं काम चार कोअरवर वाटलं जात नाही. 'टॉप' चालू असताना कॅपिटल एच दाबा, थ्रेड ब्लॉकच्या नावांसकट दिसतील. १०० टक्क्यांजवळ अडकलेला ब्लॉक हाच तुमचा अडथळा.

खात्री करायची तर रेडिओ बाजूला काढा. हेड ब्लॉक (ठरलेले सॅम्पल झाले की थांबवणारा) लावून १० सेकंदांचे, म्हणजे २ कोटी ४० लाख सॅम्पल फाइलमध्ये घ्या. कॉम्प्लेक्स फ्लोटमध्ये हे १९२ एमबी होतात. फाइल रॅममध्ये, 'देव्ह/एसएचएम'खाली ठेवा. एसडी कार्डावर ठेवलीत तर कार्डाचा वेग मोजाल. मग फाइल सोर्सचं रिपीट बंद करून तोच फ्लोग्राफ चालवा आणि घड्याळ लावा. थ्रॉटल ब्लॉक (मुद्दाम वेग रोखणारा) काढाच, आणि साउंड कार्डाकडे आवाज पाठवणाऱ्या ऑडिओ सिंकच्या जागी नल सिंक (आलेलं सगळं टाकून देणारा) घाला. हे बहुतेक लेखांत सांगत नाहीत. साउंड कार्ड आपल्याच चालीने सॅम्पल घेतं, त्यामुळे ऑडिओ सिंक ठेवलात तर प्रोसेसर कितीही मोकळा असला तरी १० सेकंदच लागतात. पायथन सुरू व्हायचा वेळ वजा करा. उरलेला वेळ १० सेकंदांहून जास्त असेल तर गणित जड आहे. चार-पाच सेकंदांत काम झालं तर परत डोंगल, केबल, वीज तपासा.

गणित जड असेल तर बहुतेक वेळा पहिला फिल्टर दोषी निघतो. २४ लाखांच्या दराने ५ किलोहर्ट्झची ट्रान्झिशन रुंदी (फिल्टर किती अंतरात सिग्नल कापतो ती) मागितलीत तर हॅमिंग विंडोत (फिल्टर घडवायच्या एका पद्धतीत) जवळजवळ ११५० टॅप, म्हणजे प्रत्येक सॅम्पलमागचे गुणाकार, होतात. ती १०० किलोहर्ट्झ करा, टॅप ६०च्या आत येतात. आधी हा ढिला फिल्टर लावून दहाने डेसिमेट करा, म्हणजे दर दहा सॅम्पलमागे एकच ठेवा. धारदार फिल्टर त्यानंतर, २ लाख ४० हजारांच्या दरावर लावा, तिथे ११५च्या आसपास टॅप पुरतात.

शेवटी 'व्होल्क_प्रोफाइल' (तुमच्या प्रोसेसरवर गणिताची सर्वांत वेगवान पद्धत निवडणारी आज्ञा) एकदा चालवा आणि रोजच्या वापरात वॉटरफॉल, म्हणजे सिग्नलचं सरकतं रंगीत चित्र, बंद ठेवा.