डीडी फ्री डिशची छत्री घरच्या घरी बसवताना

डीडी फ्री डिशला महिन्याचा रिचार्ज नसतो. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), केबल आणि बॉक्स एवढं सामान एकदा घेतलं की पुढे काही भरावं लागत नाही. म्हणूनच छत्री पहिल्याच वेळी नीट बसवणं महत्त्वाचं आहे, कारण इथे कंपनीचा माणूस दर तक्रारीला घरी येत नाही. हे काम घरचे दोन माणसं अर्ध्या दिवसात करू शकतात. एक जण छत्रीपाशी लागतो आणि दुसरा टीव्हीसमोर.

सिग्नल येतो जीसॅट-१५ या उपग्रहावरून. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून पाहिलं तर तो आग्नेयेला, बराच उंच दिसतो. अंश मोजायचे ते उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने. या हिशेबाने मुंबईत दिशा १३१ अंश आणि क्षितिजापासून उंची साधारण ५७.५ अंश येते. पुण्यात १३२ आणि ५९, छत्रपती संभाजीनगरात १३६ आणि ५९, रत्नागिरीत १२८.५ आणि ५९.५, कोल्हापुरात १२९.५ आणि ६०.५, नागपुरात १४४.५ आणि ६०. तुमचं गाव यांपैकी ज्याच्या जवळ आहे त्याचे आकडे घेऊन कामाला लागा. उरलेले एक-दोन अंश बॉक्सच्या मीटरवर पकडता येतात.

जागा आधी, सामान नंतर

उपग्रह साठ अंशांच्या आसपास उंच आहे, त्यामुळे समोर थोडा अडथळा असला तरी बिघडत नाही. हिशेब सोपा आहे. आग्नेयेकडची भिंत किंवा झाड छत्रीपेक्षा जितकं उंच असेल, त्याच्या दोन तृतीयांश अंतर मोकळं हवं. छत्रीच्या वर नऊ फूट जाणारी भिंत सहा फुटांपेक्षा लांब असेल तर चालते. झाडाच्या बाबतीत मात्र पुढच्या दोन-तीन वर्षांची वाढही धरा. उन्हाळ्यात पानगळीच्या झाडाआडून सिग्नल मिळतो आणि पावसाळ्यात पालवी दाट झाली की जातो. दोष बॉक्सचा समजून लोक बॉक्स बदलतात.

जागा पारखायची एक पक्की खूण सूर्य देतो. मार्चच्या १० ते १५ तारखांदरम्यान सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना, सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीच्या जागेवर स्वच्छ ऊन असेल तर वाट मोकळी आहे. सावली असेल तर ती कशाची आहे ते तिथेच दिसतं. इतर दिवसांत मोबाइलचं होकायंत्र वापरा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशापेक्षाही कमी फरक आहे, म्हणून वेगळी दुरुस्ती करायची गरज नाही. पण लोखंडी खांब, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, पत्रा किंवा मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक यांनी काटा सहज दहा-वीस अंश भरकटतो. खांबापासून आठ-दहा फूट मागे उभं राहून दिशा घ्या आणि त्या दिशेला लांबवरची एखादी खूण, टॉवर किंवा घराचा कोपरा, लक्षात ठेवा. छत्री त्या खुणेवर रोखायची.

छत्री किती मोठी? ६० सेंटिमीटरची बहुतेक ठिकाणी पुरते. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा जिथे पाऊस तासन्‌तास कोसळतो तिथे ७५ किंवा ९० सेंटिमीटरची घ्या. ६० वरून ९० वर गेलं की सिग्नल सव्वादोन पट मिळतो, म्हणजे सुमारे साडेतीन डेसिबलची भर. जोराच्या सरीत चित्र टिकतं की तुटतं ते बऱ्याचदा एवढ्यावरच ठरतं. मात्र वाराही सव्वादोन पट अंगावर घेतला जातो. खांब आणि बोल्ट त्या मानाने दणकट हवेत.

जुन्या डीटीएचची छत्री घरात पडून असेल तर ती खुशाल वापरा, फक्त तिला पोचे आलेले नसावेत. दोन दोऱ्या कडेवर एकमेकींना काटकोनात ताणून बांधा. मधोमध त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या तर छत्रीचा आकार शाबूत आहे. मध्ये फट राहिली किंवा एक दोरी दुसरीला दाबू लागली तर छत्री पिळवटली आहे, ती वापरू नका. एलएनबीचं लेबल मात्र वाचाच. त्यावर ९७५० आणि १०६०० असे दोन आकडे असलेली केयू बँड युनिव्हर्सल एलएनबी लागते. बॉक्स घेताना एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चालणाराच घ्या. एमपीईजी-२ च्या जुन्या बॉक्सवर सगळे चॅनल दिसत नाहीत.

खांब सरळ, तर काम सरळ

निम्म्याहून अधिक त्रास खांब तिरका असल्यामुळे होतो. खांब कलला असेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही नकळत बदलते, आणि माणूस तासभर आकाश चाळत बसतो. खांबाला दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात, पाणसळ लावा. पाणसळ नसेल तर ओळंबा सोडा. दोन्ही बाजूंनी खांब ओळंब्यात आल्याशिवाय छत्री चढवू नका.

बेस प्लेटला चारही भोकांत १० मिलिमीटरचे अँकर फास्टनर घाला. तीन बोल्टवर भागवू नका, कारण वाऱ्याने बेस आधी ढिला होतो तो बोल्ट नसलेल्या कोपऱ्यातच. गच्चीच्या स्लॅबला भोक पाडणं शक्यतो टाळा. वॉटरप्रूफिंग फुटलं की पुढच्या पावसाळ्यात खालच्या खोलीत ओल उतरते. कठड्याच्या आतल्या बाजूला, विटांचा जोड सोडून भरीव भागात, बेस बसवणं अधिक चांगलं. कौलारू घरात कौलांवर किंवा वाशावर छत्री नको. दगडी भिंतीला ब्रॅकेट मारा, किंवा अंगणात दोन इंची लोखंडी पाइप दोन फूट खोल काँक्रीटमध्ये उभा करा. उपग्रह एवढा उंच असल्याने छत्री जमिनीवर असली तरी काही बिघडत नाही, समोर मोकळं असलं की झालं. उंचावर बसवल्याने सिग्नल वाढत नाही, वारा आणि विजेचा धोका तेवढा वाढतो. वानरांचा वावर असलेल्या गावात तर छत्री हाताशी, नजरेसमोर असलेलीच बरी.

केबल आणि एफ कनेक्टर

केबल आरजी-६ घ्या. २० ते २५ मीटरपर्यंत काही अडचण येत नाही. मध्ये जोड देऊ नका, अखंड केबल ओढा.

एफ कनेक्टर म्हणजे केबलच्या टोकाला बसणारी आट्यांची धातूची टोपी. तो सावकाश करा. बाहेरचं काळं आवरण सुमारे १५ मिलिमीटर सोलून काढा. आतली तारांची जाळी उलटी करून आवरणावर मागे दुमडा. चंदेरी फॉइल पांढऱ्या भागावर तशीच राहू द्या. मग मधल्या तारेवरचा पांढरा भाग पुढून ८-९ मिलिमीटर कापून तांब्याची तार उघडी करा. तारेवर ब्लेडची चर पडली तर ती पुढे तिथेच तुटते, म्हणून अशी तार छाटून पुन्हा सोला. आता एफ कनेक्टर घड्याळाच्या दिशेने पिळत चढवा. पांढरा भाग कनेक्टरच्या आतल्या तळाशी आला पाहिजे आणि तार कनेक्टरच्या काठाबाहेर २ ते ३ मिलिमीटर दिसली पाहिजे. जाळीचा केसाएवढा एक धागा जरी मधल्या तारेला चिकटला तरी शॉर्ट होतं, कारण याच तारेतून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. म्हणून जोडणी करताना बॉक्सचा स्विच भिंतीवरूनच बंद ठेवा.

एलएनबीपाशी केबलचा एक फेरा खाली लोंबता सोडा, म्हणजे पावसाचं पाणी त्या फेऱ्याच्या तळाशी गळून जातं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. खिडकीतून आत येतानाही असाच फेरा द्या. कनेक्टरवर साधी काळी इन्सुलेशन टेप लावली तर उन्हात तिचा डिंक वितळतो आणि पुढच्या पावसात पाणी आत जातं. एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा किंवा कनेक्टरवर रबरी बूट चढवा.

सिग्नल शोधणं

बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबी 'युनिव्हर्सल', एलएनबी पॉवर 'ऑन', डायसेक 'ऑफ' करा. ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक) ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० निवडा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंग्थची पट्टी फक्त एवढंच सांगते की एलएनबी आणि केबल जिवंत आहेत. छत्री भिंतीकडे तोंड करून असली तरी ती ५०-६० दाखवते. तुमचं लक्ष हवं क्वालिटीच्या पट्टीवर. ती शून्यावरून उठली तरच हवा तो उपग्रह मिळाला.

छत्रीच्या मागच्या ब्रॅकेटवर अंशांची पट्टी असेल तर तुमच्या गावची उंची त्यावर लावा. पट्टी नसेल तर मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप वापरा. ही ऑफसेट छत्री आहे, ती दिसते त्यापेक्षा २२ ते २६ अंश वर पाहते. त्यामुळे ५८ अंशांसाठी छत्रीचं तोंड उभ्या रेषेपासून मागे साधारण ३२ ते ३६ अंशच झुकलेलं असतं. बरेच जण हे न कळल्याने छत्री आकाशाकडे फार उताणी करतात आणि तिथेच गाडी अडते.

एलएनबी सरळ ठेवू नका. उपग्रह आपल्या पूर्वेला असल्याने ती क्लॅम्पमध्ये तिरकी फिरवावी लागते, मुंबईच्या बाजूला सुमारे ४५ अंश, नागपूरकडे ३३. छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे पाहिलं तर हा फिरवा घड्याळाच्या उलट दिशेने येतो. एलएनबीच्या बांधणीत फरक असतो, तेव्हा सिग्नल मिळाला नाही तर दुसऱ्या बाजूलाही फिरवून पाहा.

आता खांबावरचा क्लॅम्प इतपत आवळा की छत्री हाताने सरकेल पण सोडल्यावर जागीच राहील. आधी ठरवलेल्या खुणेच्या दहा अंश डावीकडून सुरुवात करून उजवीकडे सरकत या. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड ५ मिलिमीटर हलली की दिशा एक अंश बदलते, आणि या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. म्हणून प्रत्येक वेळी ५ मिलिमीटरच सरकवा आणि दोन-तीन सेकंद थांबा. बॉक्सला आकडा दाखवायला तेवढा वेळ लागतो. घाईघाईत फिरवणारा माणूस सिग्नलवरून तीनदा जातो आणि त्याला कळतही नाही. एक फेरी कोरडी गेली तर उंची दीड-दोन अंश वाढवून पुन्हा तीच फेरी मारा, मग मूळ आकड्यापेक्षा तेवढीच कमी करून. हातांनी किंवा डोक्याने छत्री आणि एलएनबी यांच्या मध्ये येऊ नका.

क्वालिटी उठली की नेम मधोमध आणायचा असतो. डावीकडे सरकवत क्वालिटी पडू लागते तिथे खांबावर पेन्सिलची खूण करा. उजवीकडेही तशीच खूण करा आणि छत्री दोन खुणांच्या बरोबर मध्यावर आणा. हेच वर-खाली करा. त्यानंतर एलएनबी थोडी थोडी फिरवून सर्वांत जास्त क्वालिटी जिथे मिळते तिथे थांबवा, आणि शेवटी ती क्लॅम्पमध्ये थोडी आत-बाहेर सरकवून पाहा. आकाश निरभ्र असताना मिळवलेला प्रत्येक वाढीव आकडा पावसात कामाला येतो. 'चित्र आलं, पुरे झालं' म्हणून इथे थांबू नका.

एक चकवा लक्षात ठेवा. ९५ अंशांवर, म्हणजे दीडच अंश पूर्वेला, दुसरा डीटीएच उपग्रह आहे. सर्च केल्यावर डीडीचे चॅनल येत नसून भलतीच नावं किंवा कुलूपबंद चॅनल येत असतील, तर छत्री किंचित उजवीकडे, दक्षिणेकडे, घ्या.

नट एकाच बाजूचा पूर्ण आवळला तर छत्री त्या बाजूला ओढली जाते आणि क्वालिटी दहा-पंधराने उतरते. आळीपाळीने पाव-पाव फेरा द्या, टीव्हीसमोरच्या माणसाला आकडा मोठ्याने सांगत राहायला लावा. मग ब्लाइंड स्कॅन किंवा ऑटो स्कॅन करून चॅनल साठवा. खांब आणि क्लॅम्प यांच्यावर रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवा. वाऱ्याने छत्री सरकली तर रेघ तुटलेली दिसते.

नंतर काय बिघडतं

दोन्ही पट्ट्या शून्यावर आल्या तर दोष केबलमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा एलएनबीत असतो, छत्रीला हात लावू नका. स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी शून्य असेल तर छत्री हलली आहे. थोडेच चॅनल गेले असतील तर आधी पुन्हा स्कॅन करा, कारण ट्रान्सपॉन्डर बदलत असतात. पाऊस थांबून तास झाला तरी चित्र येत नसेल तर कनेक्टर उघडून पाहा. तांबं हिरवं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर करा. एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी उन्हाने तडकते आणि आत पाणी जातं, त्यावर एलएनबी बदलणं हाच उपाय आहे. त्या टोपीवर कुंभारीण माशीने मातीचं घर केलं तरी सिग्नल अडतो. ते ओल्या फडक्याने काढा, खरवडू नका.

खांबाला तांब्याची तार किंवा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी जोडून ती घराच्या अर्थिंगपर्यंत न्या. विजा चमकू लागल्या की बॉक्सचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

आणि मार्चच्या त्या दिवसांत सव्वाअकराला किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या आधी चित्र काही मिनिटं फाटून गेलं, तर पाना हातात घेऊ नका. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या मागे असतो. तो पुढे सरकला की चित्र आपोआप परत येतं.