हवामानाच्या अंदाजावरून वीजनियोजन: नागपूर परिसरातल्या फीडरसाठी

मे महिन्यात नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेत पारा ४४ अंशांवर असतो, हवेत आर्द्रता जेमतेम १५ टक्के असते आणि कूलर झकास चालतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पारा ३७ वर उतरतो, आर्द्रता ५५ टक्क्यांवर जाते, आणि डीपीचे फ्यूज मात्र याच दिवसांत उडू लागतात. नुसतं कमाल तापमान बघून लोडचा, म्हणजे विजेच्या मागणीचा, अंदाज बांधणारा इथेच फसतो.

हिशेब सोपा आहे. कूलर हवा किती गार करणार हे ओल्या फडक्याच्या तापमापकावर, म्हणजे वेट बल्ब तापमानावर ठरतं. कोरडं तापमान आणि वेट बल्ब यांच्यात जो फरक असेल, त्याच्या सुमारे ८० टक्के इतकं हवेचं तापमान चांगला कूलर खाली आणतो. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला वेट बल्ब सुमारे २३ येतो, म्हणजे कूलरमधून २७ अंशांची हवा मिळते. ३७ अंश आणि ५५ टक्क्यांना वेट बल्ब २९ च्या वर जातो; कूलरची हवा ३१ अंशांची आणि दमट. अशा वेळी ज्याच्या घरी एसी आहे तो कूलर बंद करतो. मोठा कूलर पंपासकट २०० ते २५० वॅट घेतो, दीड टनाचा एसी सुरू असताना दीड किलोवॅटच्या आसपास. २०० केव्हीए क्षमतेच्या एका रोहित्रावरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) ३० घरांनी एकाच रात्री असा बदल केला तर सुमारे ३९ किलोवॅट, म्हणजे पॉवर फॅक्टर (किलोवॅट आणि केव्हीए यांचं गुणोत्तर) ०.९ धरून ४३ केव्हीए वाढले. क्षमतेच्या पाचव्या भागाहून जास्त, तेही पारा उतरलेला असताना.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक फीडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून एका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीवर, कूलर जास्त की एसी जास्त, हे ठरवा. घरोघर फिरायची गरज नाही. मे महिन्यातल्या कोरड्या दिवसांचा आणि जूनमधल्या दमट, पावसाविना गेलेल्या दिवसांचा रात्री १० ते १ चा लोड शेजारी ठेवा. जूनचा आकडा मेपेक्षा वर असेल तर त्या फीडरवर लोक कूलरवरून एसीवर जातात. कूलरचा पंखा ४० अंशांना जेवढी वीज खातो तेवढीच ४५ ला खातो. एसीचं तसं नाही, त्याचा कॉम्प्रेसर उकाड्याबरोबर जास्त वेळ चालतो. एसीबहुल वस्ती आणि कूलरबहुल वस्ती यांना लोड काढायचं एकच सूत्र लावू नका.

आकडे गोळा करताना

किमान तीन वर्षांचा, १५ मिनिटांच्या अंतराचा लोड ३३/११ केव्ही सबस्टेशनच्या मीटरमधून काढा. दिवसाचे असे ९६ खंड होतात आणि वीजखरेदीचं वेळापत्रकही याच ९६ खंडांत चालतं, त्यामुळे पुढे रूपांतराची कटकट राहत नाही. मग सफाई. बिघाड, देखभालीचा बंद, भारनियमन यांच्या वेळचा लोड शून्याजवळ दिसतो. तो तसाच ठेवला तर सूत्र असं शिकतं की खूप उकाडा झाला की लोड कमी होतो. सबस्टेशनच्या लॉगबुकमधून बंदच्या वेळा घेऊन ते खंड रिकामे करा, शून्य भरू नका. एका फीडरचा लोड दुसऱ्यावर वळवला असेल तर दोन्हींची बेरीज घ्या.

तापमानासाठी सोनेगावच्या वेधशाळेची नोंद आधार धरा. स्वयंचलित केंद्रांचे आकडे उपयोगी असतात, पण तपासून घ्यावे लागतात. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले आणि बातमी देशभर झाली. संवेदक बिघडल्याचं हवामान विभागाने नंतर स्पष्ट केलं. शहराचा मे महिन्यातला उच्चांक ४७.९ आहे, २०१३ सालचा. असा एक खोटा आकडा सूत्रात शिरला तर तापमानाबरोबर लोड कसा चढतो ती सगळी रेषा वाकते. शेजारच्या केंद्रापेक्षा ४ अंशांहून जास्त फरक दाखवणारी नोंद बाजूला काढा. जुन्या काळासाठी पुण्याच्या हवामान विभागाची जाळीनिहाय माहिती मोफत मिळते: पाऊस १९०१ पासून अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटीत, तापमान १९५१ पासून एक अंशाच्या चौकटीत. एक अंशाची चौकट म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर. तिच्यातून शहरातला महाल आणि जिल्ह्यातलं काटोल वेगळे दिसणार नाहीत.

सूत्र बसवणं

दिवसाची सरासरी म्हणजे कमाल अधिक किमान भागिले दोन. आलेखावर आडवी सरासरी आणि उभा लोड ठेवा. एका जागी रेषा वर वळते. तो तुमचा पाया. नागपूरकडे तो २४ ते २६ च्या दरम्यान शोधायला लागा. पाया २५ असेल आणि सरासरी ३६ असेल तर त्या दिवसाचे ११ डिग्री-दिवस.

आजचा उकाडा एकट्या आजचा नसतो. काँक्रीटचा स्लॅब दोन-तीन दिवस तापत जातो. म्हणून आजच्या डिग्री-दिवसांना ०.६, कालच्यांना ०.३, परवाच्यांना ०.१ असं वजन देऊन सुरुवात करा आणि मागच्या वर्षांवर चालवून वजनं दुरुस्त करा. त्यात वेट बल्ब हा वेगळा रकाना घाला, रविवार आणि सणांचा वेगळा. दुपारी ३ चा आणि रात्री ११ चा लोड स्वतंत्र सूत्रांनी काढा. रात्रीच्या सूत्रात किमान तापमान हाच मुख्य घटक ठेवा. कमाल ४० च्या वर आणि किमान नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल तर हवामान विभाग त्याला उष्ण रात्र म्हणतो, आणि रोहित्रांसाठी उष्णतेच्या लाटेपेक्षा ती अधिक घातक. मे महिन्यात इथली दिवसरात्रीची सरासरीच ३५ च्या पुढे असते. रात्रीही रोहित्रातलं तेल निवलं नाही तर आतल्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य झपाट्याने जातं: सर्वांत गरम बिंदू ९८ अंशांच्या वर गेला की पुढच्या प्रत्येक ६ अंशांना झिजण्याचा वेग दुप्पट धरतात.

टोकाच्या दिवसांवर सूत्र आंधळेपणाने चालवू नका. ज्या वर्षांवरून ते शिकलं त्यात पारा ४४ च्या वर गेला नसेल, तर ४६ चा अंदाज ही नुसती रेषा लांबवणं झालं. प्रत्यक्षात कूलरबहुल फीडर तिथे सपाट होतो, कारण चालू व्हायचे ते सगळे कूलर आधीच चालू असतात.

कुठला अंदाज कशासाठी

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. मार्च ते मे या काळाचा उन्हाळ्याचा अंदाज हवामान विभाग फेब्रुवारीच्या अखेरीस देतो. तो सांगतो की नेहमीपेक्षा जास्त तापमानाची शक्यता किती. अमुक तारखेला किती, हे तो सांगत नाही. त्याच्या भरवशावर नवी रोहित्रं मागवायला बसलात तर ती पावसाळ्यात पोचतील. नवी क्षमता मागच्या दहा वर्षांचा लोड आणि उन्हाचा कल बघून आदल्या वर्षीच ठरवायची. फेब्रुवारीच्या अंदाजावर ठरवायचं ते असं: एप्रिलमध्ये करायची देखभाल मार्चमध्ये ओढायची का, किती रोहित्रं राखीव ठेवायची, उन्हाळ्यासाठी अल्पकालीन वीजखरेदी किती बांधायची.

दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज सर्वांत दुर्लक्षित आणि नियोजनाला सर्वांत उपयोगी. पहिल्या दोन आठवड्यांवर बराच विश्वास टाका, तिसऱ्या-चौथ्याचा फक्त कल बघा. देखभालीच्या बंदच्या तारखा, लाइनमनच्या रजा, फीडरमधली लोडची वाटणी, ही कामं यावरून लावा. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात आल्यावरच्या, नऊ दिवसांत नियोजित बंद ठेवूच नका, पण फक्त पंचांगावरही विसंबू नका. अवकाळी ढगांनी तो काळ गार गेल्याची वर्षं आहेत.

पाच दिवसांचा अंदाज उद्या-परवाच्या ९६ खंडांसाठी. मैदानी भागात ४० अंश आणि नेहमीपेक्षा ४.५ ने जास्त, किंवा थेट ४५, ही उष्णतेच्या लाटेची व्याख्या माणसांच्या जिवासाठी केलेली आहे, लोडसाठी नाही. इशारा नाही म्हणजे लोड नाही, असं धरू नका.

तीन तासांचा तातडीचा इशारा वादळासाठी. एप्रिल-मेमध्ये सायंकाळी वावटळ आणि वीजांसह पाऊस आला की तासाभरात पारा १० ते १५ अंशांनी पडतो. लोड दोन कारणांनी कोसळतो: कूलर बंद होतात आणि झाडं तारांवर पडून फीडर बंद पडतात. इशारा येताच विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या भार प्रेषण केंद्राला कळवा, म्हणजे खरेदीचं वेळापत्रक खाली आणता येतं. त्या दिवशीच्या नोंदीत किती लोड गारव्याने गेला आणि किती बिघाडाने, हे वेगळं लिहा.

शक्यता वापरायची कशी? समजा राखीव रोहित्र गाडीवर चढवून दुरुस्तीची गँग रात्रभर तयार ठेवायला ८,००० रुपये लागतात आणि त्यामुळे वाचणारं नुकसान ६०,००० आहे. आठ भागिले साठ म्हणजे १३ टक्के. उष्ण रात्रीत रोहित्र जळण्याची शक्यता याहून जास्त वाटली की गँग ठेवायची. असा उंबरठा प्रत्येक कामासाठी मार्चमध्येच लिहून भिंतीवर लावा. ऐन रात्री फोनवर वाद नकोत.

पावसाची बाजू

पावसाळ्याचा अंदाज एप्रिलच्या मध्याला येतो आणि मे अखेरीस सुधारला जातो. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे सामान्य. पण फीडरला एकूण पावसापेक्षा उघडीप जास्त जाणवते. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्याच सुमारास विजेची मागणी २४० गिगावॅटपर्यंत चढली. पंप, एसी आणि कूलर एकदम चालले.

म्हणून शेतीच्या फीडरसाठी कोरडे दिवस मोजा. मुरमाड जमिनीला पाच-सहा दिवसांत पाणी लागतं, भारी काळी जमीन दहा-बारा दिवस धरते. काटोल, नरखेडकडे संत्र्याचा मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) धरणारे बागायतदार झाडांचं पाणी तोडून ताण दिल्यावर जूनच्या पावसाची वाट बघतात. पाऊस लांबला की पंप सुरू होतात. ५ अश्वशक्तीचा पंप शाफ्टवर ३.७ किलोवॅटचा, पण तारेतून ४.५ च्या आसपास घेतो. ४०० पंपांचे १,८०० किलोवॅट, आणि टंचाईत त्यातले ८० टक्के एकदम चालू असतात. मिळणारे तास ठरलेले असल्याने वीज येताच सगळे एकदम लागतात. व्होल्टेज पडतं, कमी व्होल्टेजला मोटर जास्त करंट ओढते आणि जळते. सुरुवात गटागटाने, अर्ध्या तासाच्या अंतराने करून द्या. शक्य तिथे हा लोड दिवसा सौर विजेवर न्या, मात्र सौरचा हिशेब करताना ४३ अंशांच्या दुपारी पॅनेल ६५ च्या पुढे तापून १४-१५ टक्के उत्पादन घटतं हे वजा करा.

निर्मितीच्या बाजूने पाणी बघा. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्यामुळे चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. कोराडीच्या वीजकेंद्राला आता नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळतं, त्यामुळे तिथला धोका बराच कमी झाला आहे. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचा साठा शहर, सिंचन आणि वीज तिघांचा. ऑक्टोबरच्या १५ तारखेचा साठा हाच पुढच्या मेचा पहिला अंदाज समजा.

गुरुवारची नोंद

विस्तारित अंदाज आला की वहीत पाच रकाने भरा: अंदाजाचं कमाल, किमान, वेट बल्ब, त्यावरून काढलेला रात्री ११ चा लोड, आणि घेतलेला निर्णय. पुढच्या गुरुवारी शेजारी प्रत्यक्ष आकडे लिहा. चूक सतत एकाच बाजूला जात असेल, उदाहरणार्थ अंदाजाचं किमान नेहमी दीड अंशाने कमी येत असेल, तर तेवढी भर कायमची घाला. वर्षाअखेरीस तुमच्या सूत्राची तुलना 'कालचाच लोड उद्या' या बिनकष्टाच्या अंदाजाशी करा. नेहमीच्या दिवसांत दोन्ही सारखेच भरतील. ज्या दहा-बारा दिवशी हवा पालटली तेवढेच वेगळे काढा आणि सूत्राची पारख त्यांच्यावर करा.